डागदरबाई आणि दोन गाड्या

प्रिय ओजस, प्रिय इरा,

गेल्या रविवारी तुम्ही दोघं फोनवर माझ्या कानावर पडेल असं भांडलात. ओजसला मागे उघडा हौदा असलेला पिकअप ट्रक हवा, इराला जुनी का होईना, पण बंद, उंच, चारही चाकांनी ओढणारी एसयूव्ही हवी. शेवटी इरा म्हणाली, "आजी, तूच सांग." मी हसून विषय बदलला. पण फोन ठेवल्यावर लक्षात आलं की हा वाद मी पूर्वी ऐकला आहे. कुरखेड्याला, आमच्या सरकारी बंगल्याच्या ओट्यावर, माझ्या लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा. त्या दिवशी ओट्यावर बसलेल्यांपैकी आता मी एकटीच उरले आहे. म्हणून माझं अक्षर वाचता येण्यासारखं आहे तोवर लिहून ठेवते. तुमची गाडी तुम्ही ठरवा. मला सांगायचं आहे ते डागदरबाईंबद्दल.

डागदरबाईंचा आवाज त्यांच्या आधी पोचायचा. कुठल्याही गावाची शीव आली की त्या तिथूनच हाक घालत, "मी आली होऽऽ! काळा चहा ठेवा!" मग ओळखीचं एखादं कुत्रं भुंकत यायचं, त्याच्या मागून पोरं, पोरांच्या मागून बाया. लहानशा, गोल बांध्याच्या बाईच्या अंगात एवढा आवाज कुठून येतो याचं मला नवल वाटे. एकदा मी विचारलं, "बाई, घराशी जाऊन दार वाजवलं तर नाही का चालणार?" त्या म्हणाल्या, "न सांगता कोनाच्या घरात घुसू नये, साहेबीण. मानूस दचकला का त्याची नाडी खोटं बोलते."

मला त्या 'साहेबीण' म्हणत, आणि त्यात थोडी चेष्टा असे. तुमचे आजोबा जंगलखात्यात अधिकारी होते. तेव्हा हा सगळा मुलूख चांदा जिल्हा होता; गडचिरोली हा वेगळा जिल्हा व्हायला फार वर्षं होती. मी नागपूरला इंग्रजी घेऊन बी.ए. झालेले आणि बोलण्यात नीटनेटकी. बाई अमरावतीकडच्या एका खेड्यातल्या. लवकर विधवा झाल्या, भावाने हट्टाने शिकवलं, नागपूरला डॉक्टरी शिकून त्या कुरखेड्याच्या धर्मादाय दवाखान्यात आल्या. त्यांनी आपली बोली कधी बदलली नाही. मी बोलू लागले की त्या मान तिरकी करून ऐकत आणि म्हणत, "तुमचं मराठी कसं इस्त्री केल्यावानी हाये. घडी मोडाचा भेव लागते." मला राग यायचा, आणि लगेच हसूही यायचं.

त्यांच्या पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट असत आणि लुगड्याचा पदर कमरेला घट्ट खोचलेला. औषधाची पेटी त्या दुसऱ्या कुणाला उचलू देत नसत. पण जेवायला मात्र कुणाच्याही घरी बसत. भात, आंबील, मोहाची भाकर, पुढ्यात येईल ते. "ज्याच्या घरचं खाल्लं त्याच्या घरी दवाई लागू पडते," असं त्यांचं एक शास्त्र होतं. ते कुठल्या पुस्तकात आहे, असं आजोबांनी विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "पुस्तक लिवनारा इथी जेवला नाई, साहेब."

बाईंचं दुखणं एकच होतं. त्या वेळेवर पोचत नसत. दवाखान्याकडे एक बैलगाडी होती आणि गावं जंगलात दूरदूर पसरलेली. अडलेल्या बाईचा निरोप घेऊन माणूस पायी यायचा, मग बैल जुंपायचे, मग नाले ओलांडायचे. "मी पोचतो तवा," त्या म्हणत, "पोरगं एक तं झालेलं असते, नाई तं घरच्याईचं रडनं ऐकू येते. मी आपली दोन्हीकडची पाहुनी." हे म्हणताना मात्र त्या हसत नसत.

अशात आरमोरीच्या भातगिरणीचे शेट कुरखेड्याला आले. त्यांच्या सुनेचं बाळंतपण बाईंनी मोठ्या मुश्किलीने पार पाडलं होतं आणि शेटना त्याची आठवण होती. लष्कराच्या लिलावातून त्यांनी दोन जुन्या गाड्या आणल्या होत्या. एक बंद टपाची जीप: मागे समोरासमोर गादीची बाकं, बाजूंना काचा, चारही चाकांना जोर. दुसरा छोटा ट्रक, आजच्या भाषेत पिकअपच: पुढे दोघातिघांना जागा, मागे लाकडी फळ्यांचा उघडा हौदा. शेट म्हणाले, "बाई, यातली एक दवाखान्याची. कोणती ते तुम्ही सांगा. दुसरी मी ठेवतो."

तोच तो ओट्यावरचा दिवस. आजोबा ठामपणे म्हणाले, "जीप. यात विचार करण्यासारखं काही नाही. पावसाळ्यात इथले नाले ट्रकला झेपायचे नाहीत." शेटही म्हणाले, "जीपच घ्या, जीपच घ्या." त्यांच्या मनात गिरणीची पोती होती हे सगळ्यांना दिसत होतं. बाईंनी त्यांच्याकडे पाहून मिस्कील हसत विचारलं, "काऊन शेट, ट्रक लय आवडला वाटते तुमाले?" शेटही हसले. मग बाई जीपभोवती फिरल्या, गादीवर बसून पाहिलं, काच खालीवर करून पाहिली. "पेशंटले ऊन लागनार नाई, पानी लागनार नाई," त्या म्हणाल्या. "मले तं हेच बरी दिसते." तरी शेट म्हणाले, आधी चालवून पाहा, होळी झाल्यावर पक्कं सांगा. जीप दवाखान्यात राहिली. ती चालवायला आजोबांनी बाईंना शिकवलं, मला ते आधीच शिकवलेलं होतं.

मोहफुलं पडायचे दिवस होते. एका सकाळी सोमा नावाचा माणूस नाल्यापलीकडच्या एका गोंड गावातून धावतपळत आला. त्याच्या भावाची बायको, मैना, रात्रीपासून अडली होती. बाई लगेच पेटी घेऊन जीपमध्ये बसल्या आणि मदतीला मला बरोबर घेतलं. सोमाला म्हणाल्या, "बस मागं. घर दाखव."

सोमा मागे सरकला. "तुमी चला बाई. मी पायवाटेनं येतो."

"अरे, पायी कवा पोचशीन तू? बस ना!"

"नाई बाई. मी नाई बसत त्याच्यात." आणि तो जंगलात शिरलासुद्धा.

"लाजला," बाई म्हणाल्या आणि त्यांनी गाडी सुरू केली. मलाही तसंच वाटलं.

जीपने खरोखर कमाल केली. ज्या वाटेला बैलगाडीला अर्धा दिवस लागे, ती तिने ऊन तापायच्या आत संपवली. नाल्यातल्या वाळूतून ती तरंगत गेल्यासारखी गेली. बाई खुशीत होत्या. "साहेब बरोबर म्हने," त्या ओरडून म्हणाल्या. इंजिनाचा आवाज एवढा होता की शेजारी बसून मला त्यांचं निम्मंच ऐकू आलं.

गावात पोचलो तर गावात कुणी नव्हतं. चुलीवर भांडी होती, भांड्यात पेज शिजत होती, अंगणात मोहफुलं वाळत पसरलेली, कोंबड्या त्यात चोची मारत होत्या. माणूस मात्र एकही नाही. बाईंनी हाका मारल्या. कुत्रंसुद्धा आलं नाही. सोमाच्या भावाचं घर आम्ही अंदाजाने शोधलं. तिथे जमिनीवर ओल होती, फडकी पडली होती, आणि जिच्यासाठी आलो ती बाई नव्हती. खाटही नव्हती.

शेवटी एका दारात एक म्हातारी दिसली. तिला चालवत नव्हतं म्हणून ती मागे राहिली होती. आम्हाला पाहून तिने डोळे मिटून घेतले.

"आजी, मैना कुठी हाये?" बाईंनी विचारलं.

"आमी काई तोडलं नाई," म्हातारी डोळे मिटूनच म्हणाली.

"अवो, मी डागदरबाई! तोडाचं कोन म्हनते?"

म्हातारीने एक डोळा उघडला. बाईंना निरखलं, मग जीप निरखली. "डागदरबाई हाव, तं धरनेवाल्याईच्या गाडीत काऊन आल्या?"

तेव्हा सगळं उमगलं. त्या मुलुखात कारवाईला येणारा प्रत्येक माणूस जीपमधूनच यायचा. कुणाच्या घरी तोडीचं लाकूड निघालं, कुणाच्या घरी मोहाची दारू निघाली, की माणसाला जीपमध्ये घालून न्यायचे. जीपमधून गेलेला माणूस परत यायला किती दिवस लागतील ते कुणाला सांगता येत नसे. म्हणून जीपचा आवाज लांबून आला की गाव जंगलात शिरायचं, हा तिथला शिरस्ता. त्या दिवशीही गाव शिरलं होतं. आणि अडलेल्या मैनेला घरात एकटं कसं ठेवायचं, म्हणून तिला खाटेसकट उचलून नेलं होतं. ज्या डागदरबाईंना बोलावलं, त्यांच्यापासूनच दूर.

बाई जीपकडे वळल्याच नाहीत. गावाच्या टोकाला जाऊन त्यांनी तोंडाशी हात धरले आणि हाक घातली, "मी आली होऽऽ! मी डागदरबाई!" पुन्हा, पुन्हा. घसा बसेपर्यंत. जंगलातून काही उत्तर आलं नाही. मी घड्याळाकडे पाहायचं बंद केलं. अखेर पायवाटेने सोमा आला, घामाने निथळत. त्याने काय झालं ते एका नजरेत ओळखलं आणि गोंडीत काहीतरी लांबलचक ओरडला. मग कुठे झाडीतून एक बारीक उत्तर आलं.

मैनेची खाट नाल्याच्या काठी एका झाडाखाली ठेवलेली होती. मी पाणी तापवलं, बाईंनी सांगितलं ते हातात देत गेले. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. मुलगा झाला, पण तो रडला नाही. बाईंनी त्याच्यासाठी जे करता येण्यासारखं होतं ते सगळं केलं, आणि मग त्याला फडक्यात गुंडाळून त्याच्या आजीच्या हातात दिलं. मैना जिवंत होती, पण रक्त थांबत नव्हतं.

सासू बाईंच्या पायाशी बसली. "गाडी आयकून पळालो बाई. आमचं चुकलं."

"तुमचं नाई चुकलं, माय," बाई म्हणाल्या. "मीच भलत्या गाडीत आली."

मैनेला दवाखान्यात हलवणं भाग होतं. जीप काठापर्यंत आणली. पण खाट तिच्या दारातून आत जाईना. खाटेवरून उतरवून बाकावर निजवावं, तर बाई म्हणाल्या तेवढं हलवणंही तिला सोसायचं नाही. आणि तिच्यासोबत एकदोघांनी बसावं म्हटलं, तर सासू म्हणाली, सगळे येणार. नवरा, सासू, दीर, जाऊ, मैनेची आई, तांदळाचं गाठोडं, कोंबडी. आजारी माणसाला परक्या गावी एकटं पाठवायची त्यांची रीत नव्हती. मी समजावू लागले, तशी बाईंनी मला हाताने गप्प केलं. चौघांनी खाट खांद्यावर घेतली. बाई मैनेचं मनगट धरून खाटेच्या बाजूने चालू लागल्या. आणि त्या सगळ्यांच्या मागून मी ती रिकामी जीप, पहिल्या गियरमध्ये, पायी चालणाऱ्यांच्या चालीने कुरखेड्यापर्यंत आणली.

मैना वाचली.

होळी झाल्यावर शेट आले. बाईंनी जीपची किल्ली त्यांच्या हातात दिली. "ट्रक द्या."

आजोबा अस्वस्थ झाले. त्यांना लागलं होतं ते बाईंच्या निवडीमुळे नव्हे. त्यांच्या स्वतःच्या दारातही जीप उभी असे, आणि तिचा आवाज गावाला कसा ऐकू येतो हे त्यांना माझ्याकडून कळलं होतं. तरी ते म्हणाले, "बाई, झालं ते वाईट झालं. पण एका प्रसंगावरून ठरवू नका. लोकांना गाडीची सवय होईल. ट्रक पावसात रुतेल, हे मी तुम्हाला लिहून देतो."

"रुतनच," बाई म्हणाल्या. "पन साहेब, ट्रक आला का लोकं काय म्हनतात ते आयकलं का तुमी? म्हनतात, बाजार आला! कुरखेड्याच्या बाजाराले ट्रकमधीच बसून येतात ना सारे. ट्रकले कोनी भेत नाई. अन् खाट जशीच्या तशी मागं चढते. सासू चढते, कोंबडी चढते. एक मानूस कवा आजारी पडत नाई इथी, साहेब. सारं घर पडते."

"आणि रुतला तर?"

"ढकलाले लोकं लागतीन. ते तं मागं बसलेलेच राह्यतीन!"

शेटनी कपाळाला हात लावला. आपली पोती बैलगाडीतूनच जाणार हे त्यांना कळलं होतं. पण शब्द पाळला. ट्रक दवाखान्याचा झाला, आणि जीप गिरणीच्या दारात उभी राहू लागली.

त्यानंतरचे बाईंचे दिवस मला फार आवडतात. स्टिअरिंगमागे गादीवर उशी ठेवून उंच झालेल्या बाई, खिडकीतून बाहेर काढलेली मान, "मी आली होऽऽ!", आणि मागे हौद्यात एक खाट, तिच्याभोवती सगळं घर, घराची शिदोरी, कधी एखादी शेळीही. येताना वाटेत कुणी हात केला तर त्यालाही घेत. गावात ट्रक शिरला की पोरं फळ्यांना लोंबकळत. मैनाही एकदा त्याच ट्रकमधून परत आली, दुसऱ्या बाळंतपणाला, दुखणं सुरू व्हायच्या बरंच आधी. सासू होतीच.

पण मी तुम्हाला अर्धंच सांगितलं तर ते बरोबर होणार नाही. आजोबांचं म्हणणंही खोटं ठरलं नाही. श्रावणात एकदा साप चावलेल्या माणसाचा निरोप आला, आणि ट्रक नाल्याच्या अलीकडे चिखलात बसला. हौद्यात त्या दिवशी कुणी नव्हतं, जाताना तो रिकामाच असे. बाई नाला पोहून जायला निघाल्या, पण निरोप घेऊन आलेल्या माणसाने त्यांना धरून ठेवलं. पलीकडच्या काठावरून माणसं ओरडून सांगत होती, काय होतंय ते. बाई अलीकडून ओरडून सांगत होत्या, काय करायचं ते. थोड्या वेळाने पलीकडचं ओरडणं थांबलं. जीप असती तर ती त्या पाण्यातून गेली असती का, हे मला आजही सांगता येत नाही. कदाचित गेली असती.

दुसऱ्या दिवशी बाई आमच्याकडे आल्या आणि ओट्यावर बसून आजोबांना म्हणाल्या, "तुमी म्हनत होते ते खरं होतं, साहेब." आजोबांनी मान हलवली. "तुम्ही म्हणत होता तेही खरं आहे," ते म्हणाले. मी चहा आणला, काळाच.

पुढे पावसाळ्यात निरोप आला की आजोबा स्वतः आपली जीप घेऊन बाईंबरोबर जात. नाला ओलांडला की गावाच्या बरंच अलीकडे जीप थांबवत. तिथून बाई चालत, हाका घालत पुढे जात, आणि आजोबा झाडाखाली वाट पाहत बसत. एरवी स्वतःच्या कामाला जातानाही ते गावाबाहेर जीप उभी करून पायी आत जायला लागले. याबद्दल ते कधी बोलले नाहीत. खात्यातले लोक मात्र हसत.

दोन-तीन वर्षांनी आमची बदली झाली. निरोप द्यायला बाई ट्रक घेऊन आल्या आणि आमचं सामान वडसा स्टेशनपर्यंत त्यांनीच पोचवलं. माझ्या हातात पळसाच्या पानांत बांधलेली चारोळी ठेवून म्हणाल्या, "नव्या जागी शेजारी आजारी पडला तं त्याले एकट्यालेच दवाखान्यात धाडू नका बरं, साहेबीण. घरच्याईलेही धाडा." मी म्हटलं, "हो बाई." गाडी हलली तरी फलाटावरून त्यांचा आवाज येत होता. डब्यातली माणसं माझ्याकडे वळून पाहत होती. मला संकोच वाटला नाही, हे नवल.

त्या पुन्हा भेटल्या नाहीत. कुरखेड्यातच, काम करता करता त्या गेल्या, हे आम्हाला बऱ्याच उशिरा कळलं. त्यांना शेवटचं नेलं ते ट्रकमधून, आणि त्यामागे इतकी गावं चालत होती की पुढच्याला मागचा दिसत नव्हता, असं सांगणाऱ्याने सांगितलं. ट्रक नंतर भंगारात गेला. जीपचं काय झालं ते मला माहीत नाही.

ट्रकमधून सगळं घर येऊ लागल्यावर त्या घराने राहायचं कुठे, शिजवायचं कुठे, हा प्रश्न उभा राहिला होता. तेव्हा बाईंनी दवाखान्याच्या मागे बांबूचा एक लांब मांडव घातला आणि त्यात दगडांच्या चुली मांडल्या. काही वर्षांपूर्वी तुमच्या बाबांबरोबर मी तिथे जाऊन आले. दवाखाना नवा झाला आहे, इमारत पक्की आहे, डॉक्टर तरुण आहेत आणि बाईंचं नाव त्यांना ठाऊक नाही. मागचा मांडव आहे. आता त्यावर पत्रे आहेत. आम्ही गेलो तेव्हा तिथे भात शिजत होता.

तुमची,
आजी